घडी कुणाला बिलगली

फार जुनी नव्हे, परवापरवाचीच गोष्ट. आतून उजेड वाहणाऱ्या, केसाएवढ्या काचतंतूच्या टोकाला डीएनएची एक इवली घडी राहायची. रक्ताच्या थेंबात उतरलं, की तंतू तिची मनधरणी करायचा, "अगं, साखर आली, मीठ आलं. कुणाला तरी बिलग. माझा उजेड हलेल, डॉक्टरीणबाईंना काहीतरी सांगता येईल."

"मी आजाराचीच वाट बघतेय," घडी म्हणायची. तंतू रुसायचा.

एकदा तापलेल्या बाळाच्या रक्तात घडी झटकन उलगडली आणि आजाराच्या कणाला घट्ट बिलगली. उजेड थरथरला. "हा उगाच हलायचा नाही," म्हणत बाई तडक औषधाला धावल्या. बाळ वाचलं.

आता घडी गप्प असली, तरी तंतू रुसत नाही. त्याचा स्थिर उजेड बघून बाई पुढच्या बाळाच्या आईला म्हणतात, "काळजीचं काही नाही, घरी न्या."

हेही आपणच सांगितलं, हे त्याला कळतं.