तुळाजीराजांचे सात आग्रहकरी

तुळाजीराजांची पालखी उचलायला सोळा भोई लागत, आणि तरीही ती जमिनीपासून जेमतेम वीतभर वर येई! वाटेत दगड आला की आधी महाराजांना लागे, मग भोयांना.

पुढच्या दांड्याला धोंडबा भोई होता. ओझं वाहून वाहून त्याचा उजवा खांदा चार बोटं खाली उतरला होता. आणखी एक दसरा वाहिलास तर हात कायमचा गेला समज, असं वैद्यांनी बजावलं. ते ऐकून धोंडबाची लेक ठकू तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"म्हाराज, माझ्या बाचा खांदा चाललाय!"

"मग आम्ही काय करावं?"

"थोडं हलकं व्हावं!"

दरबार गार पडला. राजे मात्र तापले, कारण हे दुखणं जुनं होतं. गेल्या साली राजवैद्यांनी त्यांना आठवडाभर मुगाच्या कढणावर ठेवलं होतं. त्या आठवड्यात महाराजांनी दातओठांशिवाय दुसरं काही खाल्लं नाही. आठव्या दिवशी मुदपाकखान्याचं दार मोडून त्यांनी बासुंदीचं पातेलंच तोंडाला लावलं, ते महिनाभर खाली ठेवलं नाही. चौदा भोयांचे सोळा झाले ते तेव्हाच!

"उपास करून झाले आमचे!" राजे गरजले. "आता तूच कर आम्हाला हलकं! दसऱ्याला ही पालखी आठ जणांनी उचलली पाहिजे. पण आम्ही एक दिवसही उपाशी राहणार नाही, ताटातला एकही पदार्थ कमी होणार नाही, आणि आम्हाला कुणी 'पुरे' म्हणायचं नाही! जमलं नाही, तर दसऱ्याला पुढचा दांडा तुझा बाप एकटा उचलेल!"

दसरा अडीच महिन्यांवर होता. पण पोरगी कसली मागे हटते!

"आधी तुमचं जेवान बघू द्या," ती म्हणाली.

दुपारी महाराज पाटावर बसले. अहो पाट कसला, चौघांनी झोपावं असा पलंगच तो! ताटात सोळा पदार्थ होते आणि ताटाभोवती सात माणसं उभी होती. हे दरबारचे आग्रहकरी. पानावर बसलेल्याला आग्रह केला नाही तर त्याचा अपमान होतो, हे आपण सगळेच मानतो. या राज्यात त्यासाठी पिढीजात माणसं नेमलेली होती! एक लाडवाचा आग्रह करी, एक पुरणपोळीचा, एक नुसता तुपाचा. त्यांचे म्होरके दाजीपंत.

"महाराज, एक लाडू माझ्यासाठी!"

"नको, दाजीपंत, झालं आमचं."

"बरं, युवराजांसाठी एक! आता एक शत्रूच्या नाकावर टिच्चून!"

महाराजांनी ताटावर हात आडवा घातला, तर तूपवाल्याने बोटांवरूनच धार सोडली. ठकू दाराशी उभी राहून मोजत होती. पहिल्या वाढीलाच राजांनी ढेकर दिली होती. पुढचे बावीस लाडू त्यांनी निव्वळ भिडेखातर खाल्ले!

"म्हाराज, ताटाला मी हात लावत न्हाई," ती पुढे येऊन म्हणाली. "येकच हुकूम द्या. जो आग्रह करंल, त्यानं आधी तेवढंच सोता खायचं, मग तुमाला वाढायचं. माया करणाऱ्यानं चव नको का बघायला?"

"वा! वा!" सगळ्यात आधी दाजीपंतच ओरडले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हुकूम सुटला.

पहिले आठ दिवस सातही जणांची चंगळ झाली. लाडू खा, लाडू वाढ! तूपवाला तर वाटीच तोंडाला लावी आणि मग धार धरी. नवव्या दिवशी अंगरख्यांचे बंद तुटले. पंधराव्या दिवशी दाजीपंत लाडवाकडे बघून रडले. पण पिढीजात काम, ते टळतंय कसलं? रोज एकदा तरी आग्रह करावाच लागे.

"महाराज... एक लाडू..." दाजीपंत भिंतीला टेकून म्हणत, "म्हणजे, हवाच असेल तर. आग्रह नाही हं!"

"पुरे," महाराज म्हणत.

"जशी आज्ञा!" सातही जण एका सुरात!

महाराज सोळाही पदार्थ चवीने, पोटापुरते खात आणि उठत. पोटात जागा राहिल्यामुळे जेवणानंतर झोप येईना, म्हणून पाय मोकळे करायला बागेत जाऊ लागले. सवय लागली, तसे नदीपर्यंत जाऊ लागले.

दसऱ्याला आठ भोयांनी पालखी उचलली आणि ती अशी झटकन वर गेली की महाराजांनी घाबरून दांडा धरला!

"थांबा!" राजे ओरडले. "पोरी, आमच्या ताटातलं काय काय पळवलंस?"

"कायबी न्हाई, म्हाराज! आजवर ताटात यांची हौस जेवत हुती आन् पोट तुमचं वाढत हुतं. आता फकस्त तुमची भूक जेवतीया!"

"मग आमचं एवढं वजन गेलं कुठं?"

"जातंय कुठं!" ठकूने सात आग्रहकऱ्यांकडे बोट दाखवलं. "हितंच उबं हाय. सातजणांनी वाटून घेतलंय!"

महाराजांनी त्या सात गोलमटोल मूर्तींकडे पाहिलं आणि ते असे खदाखदा हसले की पालखी डुलायला लागली. ते खाली उतरले आणि गळ्यातला कंठा काढून त्यांनी ठकूच्या हातात दिला.

"सीमोल्लंघनाला आम्ही पायी जाणार! पालखीत आज धोंडबा बसेल. आणि पुढेही दांडा त्याच्या खांद्यावर नको. दांड्याला आजपासून हे सातजण!"

धोंडबा अवघडून पालखीत बसला. आग्रहकऱ्यांनी धापा टाकत दांडा उचलला. ठकूने सणाचा एक लाडू बापाला भरवला. मग हुकुमाप्रमाणे आधी एक स्वतः खाल्ला, दुसरा बापापुढे धरला आणि मोठ्यांदा म्हणाली, "बा, आज सणाचा दिस. आनखी येक घे की!"

"नको!" पालखीखालून सातही जण किंचाळले. "आग्रह करू नकोस!"