ओढ्यात उतरलेली पाणंद

रस्ते बोलत होते, त्या काळची गोष्ट. मातीची एक पाणंद उतारावरून थेट ओढ्यापर्यंत जाई. गावकरी पावसाचं पाणी वळवायला चर खणायला आले की ती फणकारे, "माझ्या अंगाला कुदळ लावायची नाही!" मग पावसात तिची माती ओढ्यात वाहून जाई आणि खेकडीची पिल्लं गाळात गुदमरत.

एक दिवस खेकडी वर चढून आली. "पाणंदबाई, आवरा, निघायचंय."

"कुठं गं?"

"माझ्या घरी. चिंचेखालचं तुमचं वळण केव्हाच आलंय राहायला. उरलेल्या तुम्ही एकट्या इथं काय करणार?"

पाणंदीनं पाहिलं. चिंचेची मुळं उघडी पडली होती आणि बैलगाड्या बांधावरून चालल्या होत्या.

पुढच्या खेपेला कुदळी आल्या, तेव्हा ती पुटपुटली, "जरा आडवा चर खणा. पाणी गवतात सोडा."

ओढ्यातून खेकडी ओरडली, "आणि माझ्या घरात येऊन पडलेलं आधीचं सामान कोण नेणार, बाई?"