चावडीच्या फळीवरची कच्ची वीट

चावड्यांना अजून कुलपं लागत नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका गावात एक म्हातारा बुरूड आणि त्याची बायको राहत होती. तो सुपं, टोपल्या विणायचा, ती शेजारी बसून बांबूच्या कांब्या सोलायची. संसार असा सोलण्या-विणण्यातच सरला, आणि बरा सरला.

त्या गावात बांधकामाची एक रीत होती. कुणाला ओटा घालायचा असो की भिंतीत खिडकी फोडायची असो, त्याने मातीची एक कच्ची वीट पाडायची, तिच्यावर आपला अंगठा उमटवायचा आणि ती चावडीच्या फळीवर नेऊन ठेवायची. कारभारी जागा पाहून यायचा. त्याचा होकार असला, तर वीट भट्टीत भाजून परत मिळायची आणि बांधकामात तीच पहिली लागायची. नकार असला, तर वीट पाण्यात विरघळवून तो चिखल चावडीपुढच्या लिंबाच्या बुंध्याशी घालायचे. नकारसुद्धा वाया जात नसे, असे ते दिवस होते.

जुन्या कारभाऱ्याच्या वेळी फळी बहुधा रिकामी दिसायची. नवा कारभारी गोड माणूस होता, पण त्याच्या तोंडून ना हो निघायचं, ना नाही. हो म्हटलं तर शेजारी रुसेल, नाही म्हटलं तर घरधनी रुसेल, या धास्तीने तो सगळ्यांना म्हणायचा, "बघू. पाणी घ्या."

फळी विटांनी वाकली होती.

त्यातलीच एक वीट आपल्या बुरडाची. लग्नाच्या वर्षी दोघांनी घरामागे बहाव्याचं रोप लावलं होतं. घर बांधलं तेव्हा ते जेमतेम वीतभर होतं, म्हणून त्या बाजूला खिडकी ठेवावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. आता बहावा घरापेक्षा उंच झाला होता आणि दर वैशाखात पिवळाधमक फुलायचा. पण बायकोचे गुडघे धरले होते, तिला अंगणात जाववत नव्हतं, आणि डोळ्यांपुढचं धुकं दर महिन्याला दाट होत होतं. नजर आहे तोवर खाटेवरून बहावा दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं.

बुरडाने माघात वीट ठेवली. वैशाख आला, बहावा फुलला आणि झडूनही गेला. बुरूड चावडीत जायचा, पाणी पिऊन परत यायचा.

"अवो, तीन पुनवा वीट पडून राहिली की ती उचलून सुभ्याला न्यायची असते," बायको म्हणाली. "सुभेदारानं त्याच दिवशी निकाल द्यायचा. माझ्या बापानं नेली होती. तेव्हा तर कुणाला त्याचं काहीच वाटायचं नाही."

"अगं, कारभाऱ्याला काय वाटेल? भेटला की पाणी देतो बिचारा. त्याच्या डोक्यावरून जायचं म्हणजे भांडणच की."

"भीड भिकेची बहीण," ती म्हणाली.

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र संपत आला. एका सकाळी बुरडाने नवं सूप बायकोच्या हातात दिलं. त्यात त्याने बारीक पिवळी पट्टी विणली होती. तिने सूप डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि म्हणाली, "छान झालंय. रंगवलंय का कुठं?"

पट्टी तिला दिसलीच नव्हती. बुरूड तसाच उठला, चावडीत गेला, फळीवरची आपली वीट काढली आणि टोपलीत ठेवली.

"राग नसावा, कारभारी," बुरूड म्हणाला. "सुभ्याला चाललोय."

दुपारपर्यंत चालून तो सुभेदारापुढे उभा राहिला. विटेचा एक कोपरा झडला होता, पण अंगठा शाबूत होता.

"कारभारी नाही म्हणाला?" सुभेदाराने विचारलं.

"नाही, सरकार."

"मग हो म्हणाला?"

"तसंही नाही."

"मग म्हणाला तरी काय?"

"पाणी घ्या म्हणाला."

सुभेदार हसला नाही. खिडकी कुणीकडे उघडते, शेजारची भिंत किती हातांवर आहे, एवढं त्याने विचारलं आणि विटेवर शिक्का उठवला. "भट्टीची वाट पाहू नकोस. भिंत उद्याच फोड, वीट मागाहून बसव. आणि कारभाऱ्याला सांग, ज्या विटांचं त्याला ठरवता येत नाही, त्या इकडे पाठव. त्यात कमीपणा नाही."

बुरडाने निरोप सांगितला, तेव्हा कारभाऱ्याने डोक्याची पगडी काढून मांडीवर ठेवली. "बरं केलंत बाबा," तो म्हणाला. "या फळीकडं बघून मला जेवण जात नव्हतं. तुम्हीच आधी का नाही गेलात?"

दुसऱ्या दिवशी बुरडाने भिंत फोडली.

खिडकी झाली. वैशाखात बहावा फुलला. बुरडाने बायकोला टेकून बसवलं. तिने बाहेर पाहिलं.

"दिसतंय?" त्याने विचारलं.

"पिवळं पिवळं दिसतंय," ती म्हणाली. "फुलं काही दिसत नाहीत. गेल्या साली दिसली असती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने खिडकीच्या तळची भाजलेली वीट चाचपली, तिच्यावरच्या अंगठ्याच्या खुणेत आपलं बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता तुम्ही सांगा, घोस केवढाले आहेत."

बुरूड सांगू लागला. बहावा फुलला की दरवर्षी तो सांगत राहिला, आणि दरवर्षी त्याला ते गेलेलं एक वर्ष आठवलं.

तात्पर्य: खालच्या दारी ना हो, ना नाही मिळत असेल, तर वरचं दार वेळेवर ठोठावावं. ते भांडण नव्हे. भिडेपायी घालवलेला वेळ मात्र कोणताही सुभेदार परत देऊ शकत नाही.