झुंबऱ्याची कोवळी शिंगं

फार पूर्वी, जंगलात माणसांच्या वाटा पडल्या नव्हत्या तेव्हा, झुंबऱ्या नावाचा सांबर आपल्या आईबरोबर एका डोंगरउतारावर राहत होता. त्याची जुनी शिंगं गळून पडली आणि त्या जागी मऊ लवेची नवी शिंगं फुटली.

"आई, ही शिंगं आहेत की कान?" तो वैतागून म्हणाला. "पाणवठ्यावरचा तो भुऱ्या सांबर मला हसतो. आता त्याला दाखवतोच!"

आईनं त्याची शिंगं हुंगली. "बुडाशी हाड झालंय, बाळा. पण शेंडा खरंच कानासारखा कोवळा आहे. आधी कूर्चा, म्हणजे कानात असतं तसं मऊ हाड, वाढते, मग खालून वर पक्कं हाड भरत जातं. जरा दम धर."

झुंबऱ्यानं ऐकलं नाही. ताकद अजमावायला त्यानं सागाच्या खोडाला धडक दिली. उजवा शेंडा वाकला, रक्ताची धार लागली आणि तो कळवळून खाली बसला. आई रागावली नाही. आठ दिवस ती त्याच्याजवळून हलली नाही. जखम चाटत राहिली, माश्या हाकलत राहिली.

हाड भरलं ते तसंच, वाकडं. त्या वर्षी झुंबऱ्या कोणाशीच झुंजला नाही.

पुढच्या वर्षी ती शिंगंही गळाली, नवी फुटली. आता तो झाडांपासून दूर, मोकळ्या माळावर चरू लागला. भुऱ्या हसला तरी त्यानं मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र तो आईपुढे डोकं झुकवायचा.

"बघ गं, हाड कुठवर चढलं?"

आई शेंड्याला हळूच गाल लावायची. "अजून ऊब आहे," ती म्हणायची. "म्हणजे शेंडा कोवळाच आहे. चर निवांत."