नेच्याच्या पानाखालची भुकटी

“गादी दोआनला? त्या ऐदी माणसाला?”

रेंजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गुरूंपुढं वाकायचंही तो विसरला.

वृद्ध शोउन गुरुजी चटईवर पाय चोळत बसले होते. “हो. माझ्यामागं मठ दोआनच सांभाळेल.”

दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या एका बेटावरचा हा मठ. तिथल्या ओल्या रानात एक नेचा उगवतो, तो इतर कुठं म्हणून सापडत नाही. मठात बुद्धापुढं फूल वाहत नाहीत, या नेच्याचं पान वाहतात. त्यासाठी दोन दऱ्या राखलेल्या. एक रेंजीकडे, एक त्याचा गुरुबंधू दोआन याच्याकडे.

“माझी दरी बघा, गुरुजी! एकेक पान ओल्या फडक्यानं पुसतो मी. वरून पुसतो, खालून पुसतो. आणि दोआनची पानं? खाली नुसते तांबूस डाग! हात लावला की भुकटी उडते. तीच घाण तो खुशाल बुद्धापुढं ठेवतो, आणि तुम्ही त्यालाच...” रेंजीचा आवाज चिरकला. “मग इतकी वर्षं मी काय झक मारली?”

गुरूसमोर असं बोलतात का कुणी? पण रेंजी बोलला.

“दोआन ऐदी आहेच,” गुरुजी म्हणाले. “दुपारी तर चक्क घोरतो.”

“मग?”

“तुझ्या दरीत नवी रोपं किती आली?”

“नवी... नवी नाहीत. पण जुनी कशी लखलखतात!”

“आणि दोआनकडे?”

रेंजीनं तोंड फिरवलं. “जागा मिळेल तिथं. दगडावर, पन्हळीत, त्याच्या झोपडीच्या छपरावरसुद्धा. नुसती बजबजपुरी!”

“नेच्याला फूल नाही, फळ नाही. ती भुकटी हेच त्याचं बी.”

रेंजीनं कमरेला खोवलेल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं.

“हे दोआनला तरी कुठं ठाऊक होतं?” तो उसळला.

“नव्हतं.”

“मग हा अन्याय आहे, गुरुजी! धडधडीत अन्याय!”

गुरुजी उठले. दोआननं सकाळी वाहिलेलं पान त्यांनी बुद्धापुढून उचललं आणि रेंजीच्या अंगावर फटाफट झटकलं. त्याची धुतलेली पांढरी कफनी तांबूस झाली.

रेंजी संतापला. त्याचा हात कमरेच्या फडक्याकडे गेला.

गुरुजींनी तो हात धरला.

“पुसू नकोस... असाच तुझ्या दरीत जा.”