वैद्यराजांनी पाहिलेली नाडी

चंद्रपेठ संस्थानचे नाटककार विश्वंभरपंत घरातल्या खांबाशी बोलत, लिहिता लिहिता रडत आणि जेवायचे विसरत. ते पाहून राजवैद्य भास्करशास्त्री भर दरबारात म्हणाले, "सरकार, प्रतिभा ही वेडाची पहिली पायरी. पंतांची लेखणी काढून घ्या आणि त्यांना माझ्या औषधावर ठेवा."

पंतांनी हातातली लेखणी छातीशी धरली. लेखणीवाचून ते जगणार कसे? शिवाय आपण खरेच वेडे आहोत की काय, ही शंका त्यांना स्वतःलाही होतीच.

राजेसाहेबांनी विचारले, "पंत, रडत होता कोणासाठी?"

"माझ्या नाटकातल्या राणीसाठी, सरकार."

"बघा!" वैद्यराज गरजले. "जी बाई जगातच नाही, तिच्यासाठी हा गृहस्थ रडतो!"

पंत चाचरत म्हणाले, "ती नाही, हे मला ठाऊक असतं हो. पण शास्त्रीबुवा, परवा प्रयोगात राणी मूर्च्छा येऊन पडली, तेव्हा धावत रंगमंचावर चढून तिची नाडी कोणी पाहिली? ती तर मिशी काढलेला आपला धोंडू गवई होता!"

दरबार खो खो हसला. राजेसाहेबांनी हसू दाबत विचारले, "मग वैद्यराज, नाडी कशी होती?"

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. "क्षीण होती, सरकार. मी फार घाबरलो होतो."

लेखणी पंतांकडेच राहिली. पुढच्या प्रयोगाला मात्र दोघांना पार मागे, शेजारी शेजारी बसवले. राणी पडली, तेव्हा दोघेही एकमेकांचा हात घट्ट धरून रडत होते.