साळिंदरबाईंचं विरजण

त्या राज्यात धुकं उतरलं होतं आणि ते हटायचं नाव घेत नव्हतं. ज्याच्या छातीत ते शिरे, तो खोकून खोकून अंथरूण धरी. म्हणून दरबाराने हुकूम काढला, की कुणीही दार उघडायचं नाही. हुकूम शहाणपणाचाच होता. पण दारं लागली आणि त्यांच्यामागे दुकानंही उपाशी बसली.

बाजाराच्या टोकाला साळिंदरबाईंचं दह्याचं दुकान होतं. बाईंच्या अंगावर काटे, त्यामुळे त्यांच्याशी कुणी फार सलगी करत नसे. तरी घरात नवी चूल मांडली की पहिलं विरजण त्यांच्याकडून न्यायचं, अशी रीत होती. आता गिऱ्हाईक नाही, म्हणून दूध नाही. आणि ताजं दूध मिळालं नाही तर विरजण मरतं. बाई आपल्या वाटचं दूध त्याला घालत. तरी मडक्यातलं विरजण गाडग्यात आलं आणि गाडग्यातलं वाटीत.

"माझ्या आईच्या हातचं आहेस तू," त्या वाटीशी बोलत, "माझ्या हातून जाऊ नकोस."

दरबाराचं काळीज काही दगडाचं नव्हतं. दुकानं जगावीत म्हणून त्याने दुधाच्या चरव्या देऊन उंटाला धाडलं, कारण उंटाचं तोंड धुक्याच्या वर राही. उंट गल्लीभर हिंडला आणि भरल्या चरव्यांसकट शेवटच्या दारापाशी आला.

"बाई, दार उघडा. दूध आणलंय."

"उघडायचं नाही असा हुकूम आहे ना, दादा?"

"आहे. पण बंद दुकानाला दूध द्यायचं नाही, असाही आहे."

"मग बंद केलं कुणी?"

उंटाने रवंथ थांबवला. "आम्हीच," तो म्हणाला. त्याला लाज वाटली आणि त्याने ती लपवली नाही.

"दुकान बंद नाहीये हो," आतून बाईंचा आवाज आला. तो थकलेला होता. "वरच्या झरोक्यातून बघा. विरजण अजून जिवंत आहे."

उंटाने मान उंच करून आत पाहिलं. रिकाम्या मडक्यांच्या रांगेत एक वाटी आपल्या काट्यांच्या आडोशाला धरून बाई बसल्या होत्या. काटे वाटीला लागू नयेत म्हणून त्यांनी अंग चोरलं होतं. उंटाने चरवीतली पळी दातांत धरली आणि झरोक्यातून दूध सोडायला सुरुवात केली. दार बंदच राहिलं, दुकान चालूच ठरलं. दोन्ही हुकूम शाबूत राहिले. मग तो गल्लीत मागे फिरला आणि प्रत्येक झरोक्यात डोकावला. काही ठिकाणी त्याला उशीर झाला होता. तिथे तो नुसता उभा राहिला.

यथावकाश धुकं विरलं. दूध पुन्हा भरभरून येऊ लागलं, पण ज्यांची विरजणं गेली होती त्यांच्या घरी दुधाचं दही होईना. साळिंदरबाईंच्या दारात रांग लागली. सशाने टवका उडालेली वाटी आणली होती, घुशीने करवंटी. बाई प्रत्येकाच्या भांड्यात एक चमचा घालत होत्या आणि प्रत्येकाला घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन विचारत होत्या.

रांगेच्या शेवटी उंट होता. त्याच्या गळ्यात राजवाड्याच्या मुदपाकखान्यातलं चांदीचं भांडं लटकत होतं, आणि ते रिकामं होतं. बाईंनी वर पाहिलं. उंट गुडघे टेकून त्यांच्या उंबऱ्याशी बसला आणि त्याने मान खाली केली.